आमचा काढता-घालता जिना

त्रिवेणी शिडीवरून पडली नाही, एवढं एक सोडलं तर त्या दिवशी जे जे पडण्यासारखं होतं ते सगळं पडलं. शिडी पडली. मिरच्यांची पाटी पडली. आणि ती पाटी कंपाउंडच्या भिंतीपलीकडं उन्हाला पाठ देऊन बसलेल्या दिनकररावांच्या अंगावर पडली. मिरची लवंगी होती.

त्रिवेणी माझी पत्नी. शिडी निसटली तेव्हा तिनं गच्चीचा कठडा धरला आणि कशीबशी वर चढून बसली. शिडीचा पाय मोडला होता. त्यामुळं ती वर आणि मी खाली, असा आमचा संसार काही काळ दोन मजल्यांवर विभागला गेला. नवरा-बायकोच्या भांडणात कोण कुठं उभं आहे याला फार महत्त्व असतं. वरून आलेलं साधं वाक्यसुद्धा कोर्टाच्या निकालासारखं वाटतं.

"लग्न होऊन आल्यापासून म्हणायलेय, गच्चीला जिना करा, जिना करा," ती म्हणाली. "आता मी खाली येतच न्हाई. जिना झाला की उतरते."

"जिना मी स्वतः डिझाइन करणार आहे!" मी खालून जाहीर केलं. असं काही म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. पण मान वर करून बोलायची वेळ आली की माणूस मोठं बोलून जातो.

भिंतीपलीकडून शिंकांची एक लांबलचक माळ आली आणि माळेच्या शेवटी दिनकररावांचा आवाज. "सर, परवानगी... आक्‌छीं... परवानगी लागंल!"

मी परभणीतल्या एका तंत्रनिकेतनात शिकवतो. संगणकावर यंत्रांचे भाग कसे काढायचे आणि एकमेकांना कसे जोडायचे, हा माझा विषय. या जोडण्याला आम्ही 'मेट देणं' म्हणतो. मेट दिला की तो भाग मोकाट राहत नाही, सांगितल्या जागी गुमान बसतो. सपाट वस्तू स्वभावानं गरीब असतात. सपाटाला सपाट टेकवलं की काम झालं. गोल वस्तूंचं मात्र जावयासारखं असतं. बसवलं तरी बसल्यासारखं वाटत नाही. गोल खांबावर गोल कडं चढवलं, दोघांचा मध्य एक केला, तरी ते कडं वर-खाली सरकत राहतं आणि स्वतःभोवती फिरत राहतं. सरकणं एका मेटनं थांबवायचं, फिरणं दुसऱ्यानं. माझे विद्यार्थी आज पुण्या-संभाजीनगरच्या कारखान्यांत हेच करून पोट भरतात. मी स्वतः मात्र पडद्याबाहेर कधी साधा पाटही बनवला नव्हता. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. अजूनही वाटलं नसतं, पण मिरच्या पडल्या.

रंगाऱ्याची शिडी आणून त्रिवेणीला उतरवलं आणि मी जागेचं माप घेतलं. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या बोळीत सरळ जिना मावणं शक्यच नव्हतं. गोल जिनाच हवा. मध्ये एक खांब आणि त्याच्याभोवती वळत जाणाऱ्या पायऱ्या. मला आनंदच झाला. सरळ जिना काय, कुणीही काढतं.

आता दिनकररावांविषयी. ते एका कार्यालयातून निवृत्त झालेत. कोणत्या ते सांगत नाही, कारण मला याच गावात राहायचं आहे. नियम त्यांना श्लोकासारखे पाठ आहेत आणि ते विचारल्याशिवायच म्हणून दाखवतात. त्यांच्या सांगण्यावरून मी त्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी छापील अर्ज पुढं सरकवला.

"जिन्याची लांबी?"

"लांबी नाही, व्यास आहे. जिना गोल आहे."

"व्यासाला जागा न्हाई हितं. गोलाची लांबी सांगा."

"गोलाला लांबी नसते हो."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं. "सर, तुमच्या कॉलेजात नसंल. सरकारात सगळ्याला लांबी असती."

मग ते म्हणाले, मोठ्या साहेबांना विचारावं लागेल. मोठे साहेब गंगाखेडला मीटिंगला गेले होते. पुढच्या खेपेला ते पालमला गेले होते. त्याच्या पुढच्या खेपेला ते जागेवर होते, पण खिडकीतले गृहस्थ गंगाखेडला गेले होते.

माझं तोंड बघून दिनकररावांनाच कणव आली. भिंतीवर हनुवटी टेकवून ते हळू आवाजात म्हणाले, "सर, एक सांगू का? जे काढता येतं, घालता येतं, त्ये बांधकामच न्हाई. कूलरला परवानगी लागती का? पलंगाला लागती का? तुमी जिना काढता-घालता करा. पायऱ्या खांबावर नुसत्या ओवा, बांगड्यावानी. घराच्या भिंतीला काई ठोकू नका. ठोकलं की बांधकाम."

"आणि खांब?"

"खांबाचं कोन इचारतंय? झेंड्याचा म्हणा."

ही कल्पना मला इतकी आवडली की मी रविवारी दुपारी सगळ्यांना घरी बोलावलं. दिनकरराव आले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आल्या. त्रिवेणीनं चहा ठेवला, मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सर्वांसमक्ष जिना उभा करायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तासाला समोरची माणसं स्वखुशीनं बसली होती.

पहिली पायरी मी खांबाकडं पाठवली. ती उडत गेली आणि उलटी बसली.

"ही वटवाघळांसाठी हाय का?" लक्ष्मीबाईंनी विचारलं. कुत्सितपणा नव्हता त्यात. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी पायरी सुलटी केली. मग दुसरी, तिसरी. मग कठडा. कठड्याचा वळणदार पाइप पायऱ्यांच्या टोकावरच्या गोल खुंट्यांना नुसता स्पर्श करत वर जायला हवा होता. वळणाला वळण टेकवणं हे फार नाजूक काम आहे. दोन वक्र वस्तू एकमेकींना तीन-चार ठिकाणी टेकू शकतात, आणि संगणक त्यातली नेमकी नको ती जागा निवडतो. कठडा एकदा खांबाच्या पोटातून आरपार गेला. एकदा जमिनीखाली गेला. एकदा तो आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडला, तेव्हा त्रिवेणीनं चहाचे कप घाईघाईनं उचलले. मेट देता देता मी मेटाकुटीला आलो.

शेवटी कठडा बसला. मी समाधानानं एका पायरीला माऊसचा धक्का दिला, आणि सगळाच्या सगळा जिना गरगर फिरू लागला.

"सर," दिनकरराव म्हणाले, "जिना हाय का पंखा?"

"फिरणं थांबवायचं राहिलंय अजून," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो आणि खांब व पायऱ्या यांच्यामधला कोन ठरवून कुलूप लावलं. म्हणजे लॉक नावाच्या चित्रावर बोट दाबलं. जिना जागच्या जागी थबकला. मी पुन्हा धक्का दिला. ढिम्म हलला नाही. लक्ष्मीबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्रिवेणीनं मला दुसरा चहा न मागता दिला. आमच्या घरात हा पुरस्कार समजला जातो.

जिना करायला दिला महारुद्रला. त्याचं वेल्डिंगचं दुकान पिंगळी रोडला आहे. माणूस उमदा, पण कागदावर त्याची देवासारखी श्रद्धा. नकाशा त्यानं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "सर, कागदावर हाय तसंच करतो. माझ्या मनाचं एक टाकाबी मारणार न्हाई."

मला त्याचा हा विनय फार भावला. कारागीर असावा तर असा, असं मी त्रिवेणीला दोन वेळा सांगितलंही.

खांबासाठी भिंतीलगत खड्डा घेतला, काँक्रीट ओतलं, खांब ओळंब्यात उभा केला. काँक्रीटला पाणी कमी पडू द्यायचं नाही, असं दिनकररावांनी बजावलं, आणि माझ्यावर विश्वास नसल्यामुळं ते स्वतःच सकाळ-संध्याकाळ भिंतीवरून पाइप सोडून पाणी मारू लागले. सगळं पाणी अर्थातच त्यांच्या बाजूनं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगड असते आणि पाणी लागलं की लोणी होते. खांब तसूभर त्यांच्याकडं झुकला. डोळ्याला दिसू नये इतका, पण लोखंडाला कळावा इतका.

महारुद्रनं पायऱ्या आणल्या. प्रत्येक पायरीला कडं, कडं खांबावर ओवलेलं, एकावर एक. सगळ्या पायऱ्यांना कठड्यानं एकत्र बांधलं. शेवटची पायरी मी मुद्दाम लांब ठेवली होती, फळीसारखी, गच्चीपर्यंत पोचणारी. ती गच्चीच्या कठड्याला नुसती टेकली होती. ठोकलं की बांधकाम! वर हिरवा रंग दिला. आणि जिना काढता-घालता आहे हे महारुद्रनं मनावर घेतल्यामुळं त्यानं प्रत्येक कड्यात सढळ हातानं ग्रीसही भरलं. "उद्या काढायचा म्हनलं तर तकलीफ नको, सर."

मी चौथ्या पायरीवर उभा राहून फोटो काढून घेतला. त्याच्या वर गेलो नाही. मला उंचीचा थोडा त्रास आहे. फोटो विभागाच्या ग्रुपवर टाकला. प्राचार्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. अभिनंदन म्हणून की पुढं बोलू नका म्हणून, ते कळलं नाही. त्रिवेणी लगेच वर जायला निघाली होती, पण मी म्हटलं, थांब, सोमवारी चांगला दिवस आहे, नारळ फोडू, मग जा. या एका वाक्याबद्दल मी महादेवाचा जन्मभर ऋणी राहीन.

कारण सोमवारच्या आधीच साहेब आले. मोठे साहेब नव्हेत, त्याच कार्यालयातले तपासणीचे साहेब. हातात फाइल, खिशात मोजपट्टी.

"विनापरवाना जिना बांधल्याची खबर आलीय," ते म्हणाले.

"कोणी दिली?"

भिंतीपलीकडं खाकरण्याचा आवाज झाला. "मीच दिली, सर," दिनकरराव म्हणाले. "नियम म्हनून द्यावी लागती. शेजाऱ्यानं न दिली तर शेजाऱ्यावर येतंय. पण तुमच्याबद्दल चांगलंच लिव्हलंय. सज्जन गृहस्थ, असं लिव्हलंय."

मी साहेबांना समजावलं. हा जिना काढता-घालता आहे. कुठंच ठोकलेला नाही. साहेब म्हणाले, ते मी वर जाऊन ठरवीन. अंगानं ते भारदस्त होते आणि पावलंही तशीच टाकत होते. ते एकेक पायरी चढत गेले. प्रत्येक पायरीवर थांबून कड्याला बोट लावत, बोटाला लागलेलं ग्रीस बघत, ते फाइलला पुसत. मी खाली उभा राहून अभिमानानं पाहत होतो. अखेर ते लांब फळीवर पोचले आणि टोकाला जाऊन गच्चीच्या कठड्याकडं वाकले.

आवाज झाला नाही. ग्रीस चांगलं होतं.

साहेब गच्चीकडं तोंड करून उभे होते. हळूहळू त्यांचं तोंड रस्त्याकडं झालं. गणपतीच्या मिरवणुकीत गाड्यावरचा देखावा फिरतो, तसे ते संथपणे, फाइल छातीशी धरून, आमच्या हद्दीतून निघाले, भिंतीवरून पलीकडं गेले आणि दिनकररावांच्या अंगणावर येऊन थांबले. खाली लक्ष्मीबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पदर सावरून डोक्यावर घेतला.

"मी... मी कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याकडं, साहेब," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "च्या ठिऊ का?"

जिना फिरल्यामुळं खालची पहिली पायरी आता भिंतीला तोंड करून उभी होती. म्हणजे साहेब उतरले असते, तरी भिंतीत उतरले असते. शिवाय त्यांनी पाय हलवला की जिना थोडा पुढं, थोडा मागं असा विचार केल्यासारखा झुलायचा. "साहेब, हलू नका!" मी ओरडलो. "साहेब, बसून घ्या!" दिनकरराव ओरडले. साहेबांनी मांडी घातली.

मग त्रिवेणीनं डोकं चालवलं. जुनं लुगडं आणून तिनं त्याचं टोक जिन्याच्या कठड्याला बांधलं आणि आम्ही दोघांनी इकडून ओढलं. दिनकररावांनी पलीकडून बांबूनं ढकललं. पहिल्या खेपेला जोर जास्त झाला आणि साहेब गच्ची ओलांडून थेट मागच्या बाजूला, आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यासमोर गेले. तिथून त्यांना परत आणताना ते पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंना भेटून आले. या वेळी चहा तयार होता. तो त्यांनी वरच घेतला, आणि माझ्या मते त्यामुळंच पुढचं सगळं शांततेत पार पडलं.

फोन केला म्हणून महारुद्र धावत आला. जिना बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं गाडीच्या डिकीतून नकाशा काढला आणि माझ्यासमोर धरला.

"सर, ह्यात कुठं बोल्ट हाय का बगा. पायऱ्या खांबाला कशानं धरायच्या ते लिव्हलंय का बगा. न्हाई ना? मला वाटलं, सरांचा कायतरी हिशोब असंल."

मी नकाशा पाहिला. व्यास होते, कोन होते, सगळं अचूक होतं. कुलूप नव्हतं. कुलूप संगणकात राहिलं होतं.

"मग काम्पुटरात जिना कशानं थांबला व्हता?" त्रिवेणीनं विचारलं.

"मी सांगितलं म्हणून थांबला होता."

"तर मग ह्या लोखंडालाबी सांगा की."

महारुद्रनं मान फिरवली. तो हसत होता की नाही, हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

तोवर खाली उतरलेले साहेब खुर्चीवर बसून सावकाश पाणी प्याले. मला वाटलं, आता जिना पाडायचा हुकूम येतो, सोबत माझंही काहीतरी पाडलं जातं. पण साहेब विचारात पडले होते. शेवटी ते दिनकररावांकडं वळून म्हणाले, "बांधकाम म्हणजे काय? जे एका जागेवर उभं राहतं ते. हे उभं राहतं का?"

"न्हाई, साहेब," दिनकरराव म्हणाले.

"म्हणजे हे बांधकाम नाही. माझ्या अखत्यारीत येत नाही. खरं तर आरटीओच्या येतं की काय, असं वाटायलंय." ते उठले. "सर, तुमचा जिना कायदेशीर आहे."

मी हात जोडले. "उद्याच बोल्ट मारून पक्का करून घेतो, साहेब."

साहेब दारातच थांबले. "बोल्ट मारलात, तर तो उभा राहील. उभा राहिला, तर बांधकाम होईल. मग अर्ज करा."

ते गेले. महारुद्र म्हणाला, तो गुपचूप एखादा बोल्ट मारून देतो, कुणाला कळणार? सगळ्यांच्या नजरा दिनकररावांकडं गेल्या. दिनकरराव खाली मान घालून म्हणाले, "मला कळंल ना. मग मला कळवावं लागंल."

मी अर्ज केला आहे. तो मोठ्या साहेबांकडं आहे आणि मोठे साहेब बाहेरगावी आहेत.

दरम्यान उन्हाळा कुणासाठी थांबत नाही. कुरडयांचा दिवस उजाडला. गव्हाचा चीक शिजवला की तो गरम असतानाच गच्चीवर नेऊन साच्यातून घालावा लागतो. निवला की संपलं. त्रिवेणी पातेलं घेऊन जिन्याशी आली आणि माझ्याकडं पाहू लागली. मी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, घराच्या जोत्याला पाय रोवले आणि दोन्ही हातांनी कठड्याला घट्ट मिठी मारली.

"जा," मी म्हटलं.

ती गेली. जिना फिरायला बघत होता. खांद्याला कळत होतं. पण मी सोडला नाही. ती वर पोचली, मग साच्याचा करकर आवाज येऊ लागला. तिला कधी उतरायचं असेल सांगता येत नव्हतं, म्हणून मी तसाच उभा राहिलो. रस्त्यावरून मोटारसायकलवर माझे दोन विद्यार्थी चालले होते, ते थांबले.

"काय करायलात, सर?"

"मेट दिलाय," मी म्हणालो.

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि अतिशय आदरानं नमस्कार करून ते निघून गेले. दिनकरराव भिंतीवरून सूचना देत होते. पाय जरा रुंद ठेवा, सर, कंबर सरळ ठेवा. लक्ष्मीबाईंनी त्यांना आत बोलावलं, पण ते गेले नाहीत.

रिकामं पातेलं घेऊन त्रिवेणी खाली आली. माझे हात कठड्याला होते आणि घाम डोळ्यांत जात होता. तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं. मग पातेल्याच्या काठाला राहिलेला चीक बोटांनी निपटून त्याचा घास माझ्या तोंडात घातला. भिंतीपलीकडं दिनकररावांनी तोंड फिरवलं.

"कसा झालाय?"

"मीठ थोडं कमी आहे," मी म्हणालो.

"हालू नका," ती म्हणाली, आणि दुसरं पातेलं आणायला आत गेली.